पेंडसे मास्तरांचं जांभळं पाणी

पेंडसे मास्तरांची शोकसभा भोरला शाळेच्या पटांगणात झाली. मास्तर मूळचे भोरचे, पुढं पुण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे प्रोफेसर झाले. त्यांचे विद्यार्थी बोलता बोलता रडत होते. मी मागं बसलो होतो. मला सभेत बोलता येत नाही, म्हणून इथं सांगतो.

आमची वाडी आंबवड्याच्या वरच्या अंगाला आहे. उन्हाळ्यात पटकीची साथ आली की मास्तर सुट्टीत गावोगाव फिरून विहिरींत जांभळं औषध टाकायचे. त्यांची पेटी मी उचलायचो. औषध टाकलं की रात्रभर विहिरीला शिवायचं नाही. सकाळी पाणी गुलाबी राहिलं असलं की पहिला पेला मास्तर स्वतः प्यायचे.

"मास्तर, मिशा रंगल्या की!" आमची शेजारीण फुलाबाई एकदा म्हणाली. "आता बायकू घरात घेईल का?"

"रोजच विचारते, आज काय सांडून आलात म्हणून," मास्तर म्हणाले. सगळे हसले.

तरी गेल्या साली बायकांनी ऐकलं नाही. विहिरीत साती आसरा राहतात, त्यांच्या अंगावर औषध टाकलं, आता त्या कोपतील, असं ठरवून त्या ओढ्याचं पाणी आणू लागल्या. माझी बायको सगुणाही. ती सकाळी पटकीनं पडली आणि दिवस मावळायच्या आत गेली. मास्तर माझ्याजवळ नुसते बसून राहिले.

आता मला मुलगी एवढीच. सोजा.

सभेतच कळलं की आमच्या पलीकडच्या वाडीत पटकी लागली आहे. मी तसाच उठलो. सोजा ओढ्यावर गेली असेल, एवढंच डोक्यात होतं. वाटेत कुठं थांबलो नाही.

वाडीत शिरताना विहीर लागते. सहज वाकून पाहिलं. पाणी गडद जांभळं होतं.

सोजा दारात नाचणी पाखडत होती.

"विहिरीत औषध कुणी टाकलं?"

"मास्तरांनी. तुमी न्हवता, तर पेटी सोताच घेऊन आले."

"सोजा, मास्तर वारले. मी त्यांच्याच सभेहून येतोय."

तिचं सूप थांबलं. "मग ते कोण व्हते, आबा?"

"काय म्हणाले?"

"वढ्याला कुणी जायचं न्हाई, म्हणले. म्या म्हणलं, माझं कोण ऐकतंय हितं? तर म्हणले, तू नको सांगूस. तुझ्या आईला बसवतो तिथं."

मी काही बोलणार, तेवढ्यात फुलाबाई रिकामी घागर घेऊन आली.

"दाजी, वढ्यावर कोण बसलीय? पाण्याच्या वाटंतच, पाठमोरी. लई हाका मारल्या. वळंना, सरकंना."

"लुगडं कसलं?"

"हिरवं."

सगुणाला हिरव्या लुगड्यातच नेलं होतं.

मी ओढ्यावर गेलो. वाट मोकळी होती. डबक्यावर चिलटं होती, दगड तापलेले होते. मी तिला हाक मारली. मग दिवस मावळेपर्यंत तिथं बसून राहिलो. मला काही दिसलं नाही.

साथ आजूबाजूच्या वाड्यांत फिरली. आमच्या बायका ओढ्यावर जायच्या, तशाच रिकाम्या घागरींनी परतायच्या आणि मुकाट्यानं विहिरीचं पाणी भरायच्या. आमच्यात कुणी पडलं नाही. सोजाला साधा तापही आला नाही.

मग पटकी हटली. एका संध्याकाळी फुलाबाई ओढ्याची भरलेली घागर घेऊन येताना दिसली.

"उठून गेली बग ती," म्हणाली.

मी घरी आलो. चुलीजवळ ताट वाढलेलं होतं.

"लवकर केल्यास गं भाकरी," मी म्हणालो.

"म्या कुठं?" सोजा बाहेरून म्हणाली. ती शेळी बांधत होती. "म्या आत्ता येतीय रानातनं."

मी भाकरी हातात घेतली. गरम होती. कडेला दोन बोटं दाबलेली होती. सगुणा तशी दाबायची.