कुंपणापलीकडची फ्राउके

१९८३ सालच्या नोव्हेंबरचा गारठा, वरून बर्फाळ पावसाची रिपरिप, आणि आमच्या घराण्याच्या थडग्यावर ओणवा होऊन एक अनोळखी माणूस चक्क पीठ चोळत होता!

मी पिकअपमधून उतरले ती ओरडतच. “अहो, हे काय चाललंय? माझे काका-आत्या झोपलेत तिथं. तुमचा केक दुसरीकडे करा!”

तो दचकून उठला. नाक लालबुंद, केस निथळणारे, आणि भुवईवर पांढरं पीठ. “अक्षरं झिजलीत हो… पीठ लावलं की वाचता येतात. मी सगळं पुसून जाणार होतो, शपथ!”

“या पावसात? वाचताय कसलं, कणीक मळताय.”

त्यानं हाताकडे पाहिलं. खरंच गोळा झाला होता. मग तो हसला… आणि माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मेला असा हसतो की भांडणच करता येत नाही.

त्याचं नाव रेंके. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या गावात शाळामास्तर. त्याच गावातून माझे आजोबा, फोल्कर्ट हार्म्स, आयोवात शेती करायला आले आणि लग्नाची मुलगीही त्यांनी तिथूनच आणली. रेंकेच्या शेजारी गेशे नावाची पंच्याऐंशी वर्षांची म्हातारी राहते. आजोबांनी आणलेली ती मुलगी, फ्राउके, म्हणजे तिची थोरली बहीण. तिची पत्रं १९१९ साली एकाएकी बंद झाली. म्हातारीनं रेंकेला सांगून पाठवलं होतं, तिची कबर शोध आणि एक फोटो काढून आण.

“दोन पोरांचे दगड सापडले,” तो म्हणाला, “पण आईचा नाही.”

“सापडेल कसा? फ्राउकेआजी दोन पोरं गेल्यावर उरलेल्या एकाला टाकून माहेरी निघून गेली. ते उरलेलं पोर म्हणजे माझे पपा.”

रेंकेचं हसू मावळलं. “माहेरी ती कधी पोचलीच नाही.”

तिकडचे म्हणत होते ती इकडे, इकडचे म्हणत होते ती तिकडे.

“म्हणजे… आपण नातेवाईक नाही ना?” मी उगाच विचारलं. “तुम्ही नुसते शेजारी?”

“नुसता शेजारी.”

“बरं झालं,” मी म्हणाले, आणि जीभ चावली.

मी त्याला घरी नेलं. पपा खिडकीपाशी ऑक्सिजनची नळी लावून बसलेले. चाळीस वर्षं धान्याच्या धुळीत गेलेली फुप्फुसं. डॉक्टरांनी नाताळपर्यंतची मुदत दिली होती. आजीचं नाव निघताच त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

“दोन वर्षांचा होतो मी. दोन वर्षांचं पोर टाकून जाते ती आई कसली? तिचं नाव या घरात काढायचं नाही, मास्तर.”

पण चहा मात्र त्यांनी दिला. आमच्या लोकांत तीन कप झाल्याशिवाय पाहुणा उठत नाही. तिसरा कप संपला तरी पपांनीच पुन्हा किटली पुढे केली, तेव्हा मला कळलं, पोरगा आवडलाय.

चर्चच्या मागच्या खोलीत जुन्या मरणनोंदींची वही होती. पास्टर लुबेननी किल्ली दिली आणि डोळे मिचकावून म्हणाले, “दार उघडं ठेवा हं, दोघं.”

“हीटर चालत नाही तुमचा, दार उघडं ठेवलं तर इथंच पुराल आम्हाला!” मी म्हणाले.

वही जुन्या वळणाच्या जर्मन लिपीत. पहिल्या महायुद्धात इथं जर्मन बोलायलाच बंदी आली, आणि आमच्या माणसांनी भीतीपायी पुढच्या पिढीला ती लिपी शिकवलीच नाही. आता आपलेच मेलेले आपल्याला वाचता येत नव्हते. रेंके वाचायचा, मी लिहून घ्यायची. घटसर्पानं गेलेली चार भावंडं. मळणीयंत्रात सापडलेला माणूस. बाळंतपणात गेलेल्या बायका तर किती…! वाचता वाचता तो माझी गारठलेली बोटं आपल्या बोटांत धरून अक्षरांवरून फिरवायचा. “हा ‘ह’. हा ‘फ’. हे बघ, तुमचं आडनाव.”

“हा मास्तर सगळ्याच मुलींना हात धरून शिकवतो का?”

“नाही. बाकीच्यांना छडीनं.”

त्या थंडगार खोलीत मेलेल्यांच्या याद्या वाचताना मला इतकं सुख का वाटत होतं, याची लाज वाटायची. पण वाटायचं.

चौथ्या दिवशी १९१९ सालचं पान आलं. जानेवारीत साथीच्या तापानं गेलेले माझे काका-आत्या, दोन दिवसांच्या अंतरानं. त्यानं पान उलटलं… आणि थबकला. मग भराभर पुढची दोन पानं उलटली.

“काही नाही इथं,” तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. “वेल्डा, मला वाटतं… मी लवकर परत जावं.”

हात धरून शिकवलेलं मी विसरेन असं वाटलं का त्याला? मी वही ओढली, पानं मागं केली, एकेक अक्षर बोटानं चाचपलं. ‘फ’. मग ‘ह’.

“हिचंच नाव आहे. वाच.”

“वेल्डा…”

“वाच म्हणते ना!”

त्यानं वाचलं. “फ्राउके हार्म्स, वय सत्तावीस. दोन मार्च. विहिरीत सापडली. दोन मुलं गेल्याच्या दुःखानं बुद्धी ढळली होती. स्वतःच जीव दिला म्हणून दफनभूमीच्या उत्तरेच्या कुंपणाबाहेर, कोपऱ्यापासून बारा पावलांवर, मुकाट्यानं पुरली. घंटा नाही, प्रार्थना नाही.”

मी कितीतरी वेळ रडले. मग डोळे पुसले आणि चिडले. “लपवत होतास माझ्यापासून?”

“तुझे पपा चार आठवड्यांचे सोबती आहेत. आई निघून गेली, या रागावर माणूस जगू शकतो. पण हे…? कशाला मोडायचं त्यांना शेवटी?”

“हे तू ठरवणार? आजोबांनीही असंच ठरवलं होतं! सगळे आमच्या भल्यासाठीच खोटं बोलतात. तुझ्याकडून नको होतं मला.”

“मला तुझा चेहरा बघवला नसता,” तो पुटपुटला. “म्हणून.”

“मग नको बघूस. पण वाचायला चल. पपांना मला वाचून दाखवता येणार नाही.”

आला. पपांसमोर गुडघ्यावर बसून त्यानं तोच मजकूर वाचला, एकही शब्द न गाळता. पपांनी ऐकलं.

“म्हणजे ती गेली नव्हती,” ते म्हणाले. “इथंच होती.”

“हो, पपा.”

“उत्तरेच्या कुंपणाबाहेर…” त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. “ते आपलंच मक्याचं रान आहे, पोरी. म्हातारा तिथं एक पट्टी नांगरायचा नाही. विचारलं की म्हणायचा, खाली दगड आहेत. तो मेला त्याच वर्षी मी ट्रॅक्टर घातला. एक दगड लागला नाही. मी हसलो होतो म्हाताऱ्याला. पंचवीस वर्षं मी… तिच्यावर मका पेरला.”

माझ्या पपांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. रेंकेनं त्यांना लहान मुलासारखं धरून ठेवलं, आणि मी दोघांना.

सकाळी पपांनी पास्टरना बोलावलं. “मला बायकोशेजारची जागा आहे, माहितीये. पण लेना मला माफ करेल, ती मोठ्या मनाची होती. मला आईजवळ ठेवा.”

पास्टर खाली बघत म्हणाले, “एनो, ती जागा दफनभूमीत येत नाही रे.”

“रान माझं आहे. तेवढा तुकडा चर्चला लिहून देतो. तुम्ही कुंपण हलवा.”

कुंपण हलवायला आम्ही दोघंच होतो. जमीन वरून गोठलेली, पहार मारली की हाताला झिणझिण्या. पपा पिकअपमध्ये ब्लँकेटात गुंडाळून काचेतून बघत होते. कोपऱ्यापासून बारा पावलं रेंकेनं मोजली आणि टोपी काढून थोडा वेळ उभा राहिला.

“विमान उद्याचं आहे ना?” मी खांब धरून विचारलं.

“होतं.”

“होतं म्हणजे?”

“रद्द केलं. तू माझ्याशी बोलत नव्हतीस, म्हटलं बोलेपर्यंत थांबावं… दोन दिवस, दोन महिने.” त्यानं पहार टेकवली. “वेल्डा, मी मोठी चूक केली. पण त्या पानावर मला पहिल्यांदा तुझीच काळजी वाटली, तुझ्या आजीची नाही. तेव्हाच कळलं, माझं काय झालंय ते.”

“काय झालंय?”

“आता ते पण वाचून दाखवू?”

“दाखव. आणि काही गाळायचं नाही.”

“माझं प्रेम आहे तुझ्यावर,” तो म्हणाला. अंगभर चिखल, ओठ निळे पडलेले.

मी उत्तर देणार तोच पिकअपची काच खाली झाली. “पोरी, हो म्हणायचं तर लवकर म्हण!” पपा धापा टाकत ओरडले. “आणि पहार घे त्याच्या हातातून. वाकडे खड्डे खणतोय तो!”

मी हो म्हणाले. खड्डेही मीच खणले.

पपा पुढच्याच गुरुवारी गेले, झोपेत. त्यांना आम्ही त्यांच्या आईशेजारी ठेवलं. दोघांसाठी मिळून घंटा झाली, दोघांसाठी प्रार्थना झाली, आणि जुन्या घरांतल्या तीन-चार म्हाताऱ्या, ज्यांना सगळं ठाऊक होतं, त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. एकीनं माझा हात धरला. “आम्ही बोलायला हवं होतं गं,” म्हणाली.

परतताना रेंके म्हणाला, “गेशेआजीला पत्र पाठवायचं नाही. समक्ष सांगायला हवं. येशील बरोबर?”

“येईन. पण फोटोत काय दाखवायचं? नुसती माती आहे.”

“मातीच दाखवू. कुंपणाच्या आतली.”

“रडेल रे ती.”

“रडू दे, वेल्डा. बहिणीनं आपल्याला टाकलं, असं चौसष्ट वर्षं वाटतंय तिला.”

मी त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला, त्याच्या हाताशेजारी, आणि आम्ही घराकडे चालू लागलो. घरात आता कोणी नव्हतं.