भरमाची साखळी

खोटं वाटेल. वाटू दे. पण हे माझ्या मावसबहिणीच्या, नीलमआक्काच्या बाबतीत घडलंय. तेही भर दुपारी.

गेल्या वर्षीचा सप्टेंबर. जांबोटीच्या पुढची एक वाडी. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच राहतात.

आक्का जमिनीचे नकाशे काढायची. तिथला डोंगर रिसॉर्टसाठी विकला गेला होता. मधून वाडीची मसणवाट जात होती.

तिचा साहेब म्हणाला, "नकाशातून ती वाट पूस."

आक्कानं पुसली. तेव्हापासून तिला स्वतःचाच संताप येत होता.

हद्दीचे दगड रोवायला दोघं वाडीवर गेली. समोर रुक्माबाई आडवी उभी. ऐंशीची म्हातारी, हातात विळा.

"आमची मढी काय आभाळातनं न्यायची व्हय?"

साहेब हसला. "नकाशात वाटच नाही, आज्जी."

आक्काच्या मस्तकात तिडीक गेली. ती बोलणार, इतक्यात...

खळ्... खळ्...

गवतातून काहीतरी फरफटत येत होतं. लोखंडी.

वारा नव्हता. तरी गवत एका रेषेत वाकत होतं...

"भरमा हाय," रुक्माबाई म्हणाली. "माझा सासरा. मुंबई सरकारच्या वक्ताला मोजणीची साखळी वढायचा. हीच वाट मोजताना जनावर डसलं. हितंच गेला."

"थापा मारू नको!" साहेबानं तिला बाजूला ढकललं, पाऊल टाकलं... आणि धाडकन आडवा झाला.

त्याचा पाय कुणीतरी ओढत होतं.

दिसत कुणीच नव्हतं.

"साहेब, वाट परत मांडू द्या!" आक्का म्हणाली.

"मी सांगतो तेच होणार!"

खळ्... साहेब किंचाळला.

आणि आक्काच्या कानाशी कुणीतरी गुरकावलं...

"मांड!"

"मांडते! माझी चूक हाय, मीच मांडते!" आक्का ओरडली. जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला. पुसलेली वाट परत काढली, नकाशा कचेरीत पाठवून दिला.

आवाज थांबला.

साहेबाच्या घोट्याभोवती साखळीच्या कड्यांचे काळेनिळे वळ उठले होते. पंधरा दिवसांत त्यानं आक्काची नोकरी घालवली. वाट मात्र नकाशात राहिली. दिवाळीनंतर रुक्माबाईला त्याच वाटेनं नेलं. आक्कानं खांदा दिला.

इथं संपायला हवं होतं.

पण हल्ली दुपारी, वडगावच्या घरात, आक्का एकटी असली की मागच्या दाराशी आवाज येतो. खळ्... खळ्... आणि कुणीतरी दात-ओठ खात आकडे म्हणत असतं.

दार उघडलं तर कुणी नसतं.

वाट तर मांडली. मग तो अजून काय मोजतोय?