गाळ बसेपर्यंत

तळघराच्या दाराशी तो माझ्यावर जवळजवळ आदळलाच. छातीशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली आणि केसांवर नदीवरचं धुकं थेंबाथेंबानं साचलेलं.

"माफ करा. खाली एक बाई भेटल्या. म्हणाल्या, बाटली माइलिसला दाखवा. माइलिस तुम्हीच ना?"

"मीच. पण खाली... कोणत्या बाई?"

"राखाडी एप्रन होता. एकच बाही वर दुमडलेली. नाकीडोळी तुमच्यासारख्याच, जरा रागीट."

मी कॉफी प्यायला वर गेले होते. खाली कुणीच नव्हतं. ओब्रेलच्या मळ्यात द्राक्षांची तोडणी संपली की तळघरात मी एकटीच काम करते. राखाडी एप्रन आणि ती एक दुमडलेली बाही माझ्या आईची. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याच जिन्याखाली, पिंपांच्या दुसऱ्या रांगेत, तिचं हृदय थांबलं. तेव्हापासून मी मळा सोडून कुठे गेले नव्हते. बोर्दोतली चांगली नोकरी नाकारली. रोज खाली बसायचे. वाटायचं, एकदा तरी दिसेल. कधी दिसली नाही. आणि या परक्या माणसाला पहिल्याच दिवशी... मला भीती वाटली, पण त्याहून जास्त हेवा वाटला.

त्याचं नाव बाझील. नदीपलीकडे, ब्लायला, होड्या दुरुस्त करायचा. बाटली आमच्याच मळ्याची, १९६१ सालची, त्याच्या आजोबांनी जपलेली. अशा बाटल्यांची बुचं सुकतात. ती काढून एक घोट चाखायचा. वाइन जिवंत असेल तर त्याच सालच्या वाइननं बाटली भरून नवं बूच ठोकायचं, हे माझं काम.

"आधी उभी ठेवावी लागेल," मी म्हणाले. "तळाला गाळ बसायला हवा. गुरुवारी या."

गुरुवारी तो बाटली बघून खालून येताच मी विचारलं, "आई दिसली?"

"दिसल्या..." तो अडखळला. "म्हणाल्या, पोरीला वेळेवर जेवायला सांगा." आणि पिशवीतून पाव नि चीज काढलं.

पुढच्या गुरुवारी निरोप आला की केस मोकळे सोडावेत. त्याच्या पुढच्या वेळी, ब्लायच्या माणसांना उगाच हलकं समजू नये.

"असं म्हणाली?"

"अगदी ठासून."

मग तो विचारायचा, "आणि माझी बाटली?"

"गाळ बसला नाही अजून."

सहाव्या गुरुवारी दुपारी धुकं इतकं दाट होतं की दारापुढच्या वेलीही दिसेनात. गारठा येऊ नये म्हणून मी आतून कडी घातली. खाली मेणबत्तीच्या उजेडात बाझीलनं पिशवी न उघडताच बाजूला ठेवली.

"एक सांगायचंय. त्या मला फक्त पहिल्या दिवशी दिसल्या. बाकीचं सगळं... मी रचलं. विचारताना तुमचा चेहरा असा व्हायचा की मला नाही म्हणवेना."

"माहीत होतं मला."

"कधीपासून?"

"पहिल्या निरोपापासून. आईनं उभ्या जन्मात मला पोरी म्हटलं नाही. आणि ब्लायच्या माणसांबद्दल ती काय बोलायची, ते मी सांगणार नाही."

"मग मला येऊ का दिलंत?"

"गाळ आठवडाभरात बसतो, बाझील."

मी बूच काढलं. वाइन विटेच्या रंगाची झाली होती. आधी भिजल्या पानांचा वास, मग जुन्या तंबाखूचा, आणि मग अगदी हळू, रानफुलांचा. जिवंत होती. पण इतकी जुनी वाइन पेल्यात पाव तास तग धरते, मग विझते. मी नवं बूच बाजूला ठेवलं आणि दोन पेले भरले.

त्याचा पेला ओठांपाशीच थांबला. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. वारा नव्हता, तरी ज्योत कलली.

"आता रचू नकोस," मी म्हणाले.

"रचत नाही. तुझ्या मागे उभ्या आहेत."

माझी मान गार पडली. तीन वर्षं मी याचीच वाट पाहिली होती. पण वळले असते, तर पुढची तीन वर्षंही तिथेच बसले असते. मी बाझीलचा हात धरला. वळले नाही.

"काय म्हणते?"

"काहीच नाही. नुसत्या बघतायत तुझ्याकडे..." मग जरा वेळानं, "निघाल्या."

पायऱ्यांवरची पावलं मलाही ऐकू आली. उजवा पाय किंचित ओढत, तिचीच चाल. वर कडी सरकली. मी रडले. तो शेजारी येऊन बसला. पेल्यातली वाइन विझत गेली.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "हे माझं म्हणणं आहे, त्यांचं नाही. पाचच्या बोटीनं येशील ब्लायला?"

"येईन."

वर आलो तर दार सताड उघडं होतं आणि धुकं पायऱ्यांवर उतरत होतं. आम्ही धक्क्याच्या वाटेला लागलो. चार पावलं गेलो असू, तोच मागे दार बंद झालं आणि आतून कडी लागली.