फक्कीच्या आतली गाडी

“प्लास्टरच्या आत खाज सुटलीय, आणि हे यंत्र आपलं रांगोळी घालत बसलंय,” शालनआत्या केतकीच्या कानाशी पुटपुटली.

यंत्राचं नाव पंच. अपघात कसा झाला ते शोधायचं, एवढंच त्याचं काम. मैदान आखायची पांढरी फक्की घेऊन तो सकाळपासून ट्रकभोवती फिरत होता. त्याला चहा विचारायचा की नाही, यावर घरात दोन मतं पडली होती.

दहा दिवसांपूर्वी, फलटणजवळच्या याच ट्रकतळावर केतकीच्या बाबांनी ट्रक डावीकडे वळवला आणि शालनआत्याची चिमुकली विजेची गाडी चेपली. आत्याचा पाय मोडला. आत्या म्हणजे बाबांची सख्खी बहीण. गावाने निकाल त्याच संध्याकाळी लावून टाकला होता: मोठ्या गाडीची चूक. पंचाचा अहवाल मात्र आज जायचा होता. त्यावर बाबांचा परवाना राहणार की वर्षभरासाठी जाणार, ते ठरणार होतं.

“मला कोडं पडलंय,” पंच म्हणाला. “चालकाचे डोळे ठीक, आरसे ठीक, ऊन लख्ख. गाडी दारापासून हातभर अंतरावर, तीही पिवळीजर्द. मग दिसली कशी नाही? केतकी, वर बस. दिसेनासं झालं की ओरड.”

केतकी बाबांच्या जागी चढून बसली. बाबांइतकी उंची यावी म्हणून पंचाने तिच्याखाली दोन उशा सरकवल्या. मग त्याने पुठ्ठ्याचा एक उंच खोका, जीपएवढा, ट्रकच्या डाव्या दाराशी उभा केला.

“दिसतोय! टप दिसतोय!”

जीपएवढा खोका काढून त्याच जागी आत्याच्या गाडीएवढा बुटका खोका आला.

“आता?”

केतकीने मान लांब केली. आरशात पाहिलं. आरशात ट्रकची मागची चाकं होती, लिंबाचं झाड होतं, झाडाखाली चहाचा कप धरून उभी असलेली आई होती. खोका नव्हता.

“गेला!”

पंच खोका जरा दूर सरकवायचा, तो दिसू लागला की केतकी ओरडायची, मग पंच तिथे फक्कीची रेघ मारायचा. असं वीसेक वेळा झाल्यावर ट्रकच्या डाव्या कुशीत एक पांढरा आकार उमटला, थेट दोन खाटांएवढा.

“हे अंधक्षेत्र (चालकाला खिडकीतूनही दिसत नाही आणि आरशातूनही नाही अशी जागा),” पंच म्हणाला. “प्रकाश सरळ रेषेत येतो. तो दाराच्या पत्र्याला वळसा घालून तुझ्या डोळ्यापर्यंत येत नाही. तू उंचावर, डावं दार तुझ्यापासून लांब. दाराच्या कडेवरून निघालेली दृष्टिरेषा (डोळ्यापासून वस्तूपर्यंतची सरळ रेघ) खाली उतरत उतरत बरीच पुढे जमिनीला टेकते. तिच्याखाली जे येईल ते लपलं. जीप त्या रेषेच्या वर डोकं काढते. आत्याची गाडी अख्खी खाली मावते.”

“म्हणजे बाबा बघत होते, तरी...”

“तरी दिसली नसती. आणि आत्याला तर ट्रक चांगला दिसत होता. आपल्याला तो दिसतो म्हणजे त्यालाही आपण दिसतो, असं बहुतेकांना वाटतं. ते खरं नसतं. चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही असं धरून चालावं.”

“म्हणजे चूक माझीच म्हणा की,” आत्या खुर्चीतून फणकारली.

“मी अजून काही म्हटलेलं नाही. कारण याच जागेसाठी ट्रकला कॅमेरा दिलेला असतो.” पंचाने डाव्या आरशाखालच्या बोटभर दांडीकडे हात केला. तिच्या टोकाला हरभऱ्याएवढी काच होती. “ही काच ठीक आहे. पण त्या दिवशीच्या नोंदीत चित्र काळं आहे. आधीचे चार दिवससुद्धा काळंच. संपतराव?”

बाबा टायरकडे बघत म्हणाले, “बिघडला असेल. मी दुरुस्त करून घ्यायला हवा होता. लिहा तसं.”

“दहा दिवसांत आपोआप बरा झाला?”

आईने रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

केतकी वर बसूनच त्या दांडीकडे बघत राहिली. दर खंडेनवमीला आत्या लोकरीचा काळा गोंडा विणून आणायची आणि पूजा झाली की स्वतःच्या हाताने भावाच्या ट्रकला बांधायची. यंदाचा चांगला वीतभर होता, आणि अडकवायला तिला ती दांडी किती सोयीची वाटली होती! आता तिथे गोंडा नव्हता. तो सीटखाली, जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. चढताना केतकीच्या पायाला लागला होता. तिने तो तिथेच राहू दिला होता.

“मग मी अहवालात चालकाची हयगय लिहितो,” पंच म्हणाला. “परवाना एक वर्ष बंद.”

“लिहा,” बाबा म्हणाले.

“थांब रे यंत्रा.” आत्या कुबडीवर भार देऊन उठली. “संपत, गप्प बस, माझा पाय मोडलाय, जीभ नाही. त्या काचेवर गोंडा मी बांधला होता. खुंटी समजून. याने कॅमेऱ्याचा पडदा काळा झालेला पाहिला, पण बहिणीने बांधलेला म्हणून गोंडा सोडला नाही, आणि आता माझं नाव नको म्हणून सांगत नाहीये. त्याची चूक तेवढी त्याच्या नावावर लिही, माझी माझ्या. आणि ही फक्की पुसू नकोस. उद्या शाळेची पोरं आणून एकेकाला वर बसवायचंय.”