पाण्याखाली दुखणारा दात

मावठ्याच्या पावसाला इंदुरात कुणी फारसा भाव देत नाही. माघातला पाऊस, आला तसा जाईल, म्हणून लोक माळ्यावरची छत्री काढत नाहीत आणि मग भिजतात. त्या संध्याकाळी शलाका मुळ्येही अशीच भिजली, आणि अन्नपूर्णा मंदिराजवळच्या गल्लीत जे पहिलं उघडं दार दिसलं त्यात शिरली.

दार दातांच्या दवाखान्याचं होतं. आत डॉक्टर अभिराम फडणीस शेवटचा पेशंट आटपून हात धूत होता. अभिरामचा हात इतका हलका, की दाढ कधी निघाली ते पेशंटला कळायचं नाही. पण समोर मुलगी आली की जीभ इतकी जड व्हायची, की भूल पेशंटला दिलीय की डॉक्टरला, अशी शंका यावी. आईनं तीन ठिकाणी पोहे खायला नेलं होतं. तिन्ही ठिकाणी त्यानं पोहेच खाल्ले.

हात पुसत तो बाहेर आला, तर एक मुलगी ओढणीनं केस टिपत फिशटँकपुढे उभी होती, आणि एकटीच हसत होती.

"हे कोरल कुणी बसवलं?" तिनं विचारलं.

"मी... का?"

"उलटं बसवलंय. अन् हा गुलाबी रंग! असा रंग समुद्रात शोधून सापडायचा नाही, डॉक्टर."

टँकमधलं प्लास्टिकचं प्रवाळ अभिरामनं मोठ्या हौसेनं आणलं होतं. त्याला जरा लागलं ते.

"तुम्हाला कोरलचं... एवढं कसं माहीत?"

"तुम्ही दातांचे डॉक्टर, मी कोरलची. लक्षद्वीपला एका बेटावर असते. घर इथलंच, स्नेहलतागंजचं. बाबा रेल्वेत होते."

"बसा ना. मतलब... पाऊस थांबेपर्यंत. दात दाखवायचाय का?"

हे तो सवयीनं बोलून गेला, आणि मग स्वतःच ओशाळला. पावसातून आडोशाला आलेल्या मुलीला कुणी दात दाखवायला सांगतं का? पण ती एकदम गंभीर झाली.

"दाखवला असता हो. पण तो इथे दुखतच नाही."

"मग कुठे दुखतो?"

"पाण्याखाली. दहाएक मीटर खाली गेलं की असा ठणकतो, की डोळ्यांत पाणी येतं. अन् मास्कच्या आत पाणी आलं तर पुसणार कसं, भिया?"

डॉक्टरला इंदुरी थाटात 'भिया', म्हणजे भाऊ, म्हटल्याचं तिच्या लक्षात आलं आणि तिनं जीभ चावली. अभिराम मात्र बऱ्याच दिवसांनी मोकळा हसला. जीभ जड झाली नव्हती. हे काय चाललंय, म्हणून तो स्वतःच चकित झाला.

एक्स-रेमध्ये चोर सापडला. वरच्या दाढेत कॉलेजच्या दिवसांतलं एक फिलिंग होतं आणि त्याच्याखाली हवेची बारीकशी पोकळी राहून गेली होती. जमिनीवर ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण खोल पाण्याचा दाब आला की तीच पोकळी नसेला पिळून काढायची.

"जुनं फिलिंग काढून नवं भरू आपण. दोन बैठकांत होईल."

"पक्कं करा डॉक्टर," ती म्हणाली. "माझं सगळं त्या दाढेवर अडलंय."

काय अडलंय ते पुढच्या बैठकीत कळलं. भूल चढेपर्यंत दहा मिनिटं मिळायची आणि त्या दहा मिनिटांत शलाका समुद्र सांगायची. कोरल म्हणजे दगड नाही, झाड नाही, ते इवल्या इवल्या जिवांचं गाव असतं. पिढ्यान् पिढ्या ते चुन्याची घरं बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्यांना रंग देतं आणि तेच जेवू घालतं. पाणी फार तापलं की शेवाळ निघून जातं आणि कोरल पांढरंफटक पडतं.

"पांढरं म्हणजे... मेलं?"

"लगेच नाही. उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर परत रंग धरतं. मी पहिल्यांदा समुद्रात उतरले ना, तेव्हा पांढरंच बघितलं सगळं. आमच्या सरांना वाटलं मी भ्यायले. मी रडत होते. त्या दिवशी ठरवलं, की रंग आलेला बघितल्याशिवाय इथून हलायचं नाही."

गेली तीन वर्षं ती लाटांनी तुटून पडलेले कोरलचे तुकडे वेचत होती. पाण्याखाली लोखंडी चौकटींवर बांधून ते वाढवत होती. आता ते तळहाताएवढे झाले होते आणि उन्हाळ्यानं पाणी तापायच्या आत चौदा मीटर खोलीवरच्या खडकावर लावायचे होते. पण गेल्या खेपेला दाढ अशी ठणकली, की हातातला तुकडा टाकून तिला घाईनं वर यावं लागलं. अशा घाईत जीव जाऊ शकतो. ती काम करायची त्या संस्थेनं साफ सांगितलं, दाढ दाब सोसते असं डॉक्टरचं पत्र आणा, नाहीतर पाण्यात उतरायचं नाही.

"अन् पत्र नाही मिळालं तर?"

"तर आईनं इथल्या एका कॉलेजात जागा बघून ठेवलीय. शिकवीन. फळ्यावर कोरल काढीन. गुलाबी खडूनं!" ती हसली, पण ते हसू नेहमीचं नव्हतं.

मग ओठ बधिर झाले आणि बोलणं बंद पडलं. पण ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून तिथं हातानं बोलतात, ती भाषा तिनं अभिरामला शिकवून टाकली. अंगठा आणि तर्जनीचं गोल कडं म्हणजे सगळं ठीक. पंजा आडवा डुगडुगवला तर काहीतरी बिघडलंय. दोन तर्जन्या शेजारी शेजारी जोडल्या तर जोडीदार, जवळ राहा.

"जोडीदार कशाला?" त्यानं ड्रिल थांबवून विचारलं.

बधिर ओठांनी ती कसंबसं म्हणाली, "एकटं उतरायचं नसतं. नियम आहे."

त्या रात्री अभिराम फडणीस आरशापुढे उभा राहून दोन तर्जन्या जोडून पाहत होता. आईनं विचारलं, काय रे, बोटं दुखतात का? तो म्हणाला, हो.

दोन बैठकांत काम झालं. तरी त्यानं तिसरी ठेवली, पॉलिश करायला. नवं फिलिंग आरशासारखं चकचकत होतं. पॉलिशची गरज दाढेला नव्हती, कुणाला होती ते वाचकांनी ओळखलं असेलच. तिसऱ्या बैठकीला ती सोनचाफ्याची दोन फुलं घेऊन आली, म्हणाली, "टँकमधल्या त्या गुलाबी बिचाऱ्याला सोबत म्हणून." पण टँकमध्ये प्लास्टिकचं कोरल नव्हतंच. तिथं आता साधे गोटे होते. तिनं एकदा टँककडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि फुलं त्याच्या टेबलावर ठेवली.

मग तिनं पत्र मागितलं.

"दाढ एकदम फर्स्ट क्लास आहे," तो म्हणाला. "पण दाब सोसेल असं मी लिहू कसं? इंदुरात समुद्र कुठून आणू? खाली गेल्यावर परत ठणकली, तर तुम्ही पुन्हा घाईनं वर याल..."

"म्हणजे पत्र नाही."

"खोटं पत्र नाही."

ती उठली. पर्स उचलली आणि निघाली. दारात थांबून मान हलवली, "बरोबर आहे तुमचं," एवढं म्हणाली आणि गेली.

आता खरं तर अभिरामनं आनंदानं घरी जायचं. पोरगी इंदुरात राहणार, कॉलेजात शिकवणार, संध्याकाळी अन्नपूर्णेला येणार. त्याला करायचं काहीच नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तर तो पटाईत! पण सोनचाफ्याचा वास दवाखान्यात दरवळत राहिला आणि त्याला ते उपाशी, पांढरं कोरल दिसत राहिलं. खडूनं कोरल काढणारी शलाकाही तशीच पांढरी पडेल, असं त्याला वाटलं. मग त्यानं फोन उचलला.

"शलाकाजी, समुद्र सापडला. इंदुरातच आहे!"

एका मोठ्या इस्पितळात एक पांढरी लोखंडी खोली होती, गोल काचेच्या खिडक्यांची. मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमांसाठी रोग्यांना त्यात बसवून हवेचा दाब वाढवतात आणि मास्कमधून प्राणवायू देतात. दाब थेट चौदा मीटर पाण्याखाली असतो तेवढा. तिथल्या डॉक्टरांशी अभिरामनं स्वतः बोलून परवानगी काढली, दोघांची तपासणी झाली. मशीन चालवणारा मोहन त्याचा जुना पेशंट होता.

"डॉक्टर साब, आप भी अंदर बैठोगे?" मोहननं विचारलं.

"एकटं उतरायचं नसतं," अभिराम म्हणाला. "नियम आहे."

शलाकानं चटकन मान वळवली आणि कानातले काढायला घेतले. आत धातू चालत नाही, मोबाईल, अत्तर, तेल काही नाही, सुती कपडे आणि अनवाणी पाय. आत गेल्यावर मात्र अभिराम दारातच थबकला. मधल्या खुर्चीत, पायाला बँडेज, मांडीवर हात ठेवून छत्रीबागेतल्या मनोरमाकाकू बसल्या होत्या. आईच्या भजनी मंडळातल्या!

"अगंबाई, अभिराम! तुझ्या पायाला काय झालं रे?"

"पायाला नाही काकू... दाढेला. हिच्या."

काकूंनी शलाकाला नखशिखान्त पाहिलं. पण तेवढ्यात मोहननं काकूंना प्राणवायूचा मास्क लावायला सांगितला, आणि काकूंचं तोंड झाकलं गेलं. कान मात्र मोकळे होते.

दार बंद झालं. हवा घोंघावत आत येऊ लागली, उकडायला लागलं, कानांना दडे बसले. शलाकानं काकूंच्या पलीकडून नाक दाबून कान कसे मोकळे करायचे ते दाखवलं. भिंतीवरच्या स्पीकरमधून मोहन आकडे सांगत होता. पाच मीटर. आठ मीटर. दहा मीटर.

दहा मीटर! अभिरामनं तिच्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही. दुखली तर ती इंदूरची, नाही दुखली तर समुद्राची. त्याच्या मनातला एक चोर म्हणत होता, दुखू दे. बाकी सगळा अभिराम अन्नपूर्णेला साकडं घालत होता, नको दुखू देऊस.

बारा मीटर. तिनं डोळे मिटले, भुवई आक्रसली. तो खुर्चीतून पुढे झुकला.

चौदा.

घोंघावणं थांबलं. तिनं डोळे उघडले, जीभ दाढेवरून फिरवली, एकदा, दोनदा. आणि मग हात उंच करून अंगठा आणि तर्जनीचं गोल कडं केलं. तिचे डोळे भरून वाहत होते आणि इथे तिला मास्क नव्हता, म्हणून ते तिला पुसता येत होते.

अभिरामनंही कडं केलं. हसत हसत केलं, आणि ती आता जाणार हे त्याला कळलं.

"दुखत नाहीये, डॉक्टर! जरापण नाही! चौदा मीटर!"

"ऐकलं," तो म्हणाला. "अभिनंदन. पत्र... आजच देतो." इतक्या दाबात आवाज जरा चिरका येत होता, ते एक बरं झालं.

काकूंचा तास पुरा होईपर्यंत दार उघडणार नव्हतं. पळायला जागा नव्हती, पाहायला मोबाईल नव्हता. आयुष्यभर जी जीभ जड होती तिच्यापुढे आता अख्खा तास होता.

"शलाकाजी... ते पॉलिश आहे ना... त्याची गरज नव्हती."

"मला माहीत होतं."

"माहीत होतं? मग आलात कशाला?"

"सोनचाफा द्यायला." ती काकूंच्या खांद्यावरून वाकून त्याच्याकडे पाहत होती. "अन् मला सांगा, मला इथे ठेवून घ्यायचं होतं तर हा समुद्र शोधलात कशाला? गप्प बसायचं ना."

"बसवलं नाही. तुम्ही पांढऱ्या पडला असता." तो थांबला. मग एका दमात म्हणाला, "मला तुम्ही आवडता. जा तुम्ही, कोरल लावा, सगळं लावा. पण... जोडीदाराची जागा रिकामी असेल तर... मला पोहता येत नाही. पण शिकतो. परवापासून नेहरू पार्कच्या तलावावर जातोय. नाकात पाणी जातं फार."

शलाका अजूनही काकूंच्या खांद्यावरून वाकलेलीच होती. काकूंनी श्वास रोखला होता. आणि स्पीकर खरखरला.

"डॉक्टर साब, बहुत बढ़िया बोले। मॅडम, अब आप भी बोल दो ना, मेरे को टेन्शन हो रिया है!"

शलाका इतकी हसली, की काकूंचा मास्कही हलायला लागला. हसू ओसरल्यावर तिनं दोन तर्जन्या वर केल्या आणि हळूच एकमेकींशेजारी जोडल्या.

"जी-बी नको लावूस आता," ती म्हणाली. "पाण्यात जोडीदाराला कुणी जी म्हणत नाही, अभिराम."

तास सरला. दाब उतरू लागला तशी हवा एकदम गार झाली आणि खोलीत धुकं दाटलं, मावठ्याच्या पहाटेसारखं. काकूंनी मास्क काढला आणि तासभर कोंडलेलं सगळं बाहेर पडलं.

"अरे, पण ही येणार कधी घरी?"

"पावसाळ्यात, काकू," शलाका म्हणाली. "समुद्र खवळला की बोटी बंद. पावसाचे चार महिने मी इंदुरातच."

"चार महिने? अगं, तो तर चातुर्मास! चातुर्मासात लग्नं होतात का? अन् तुळशीचं लग्न लागेपर्यंत तू परत पाण्यात!" काकूंनी धुक्यातच बोटांवर महिने मोजायला घेतले. "मेच्या शेवटी येशील... आषाढीला देव झोपणार... मधे बारीकशी फट आहे बघ. जून महिना." मग त्या अभिरामकडे वळल्या. "काय रे, फटी भरायचंच काम करतोस ना तू? भरून टाक ही पण. आईला मी सांगते."

"काकू, प्लीज, मीच सांगतो..."

"तू? तू पोहे खाशील!"

दार उघडलं. मोहन हातात पेन घेऊन उभाच होता. अभिरामनं तिथंच, अनवाणी, पत्र लिहिलं. दाढ चौदा मीटरचा दाब सोसते, रुग्णाला खोल पाण्यात जायला हरकत नाही. शलाकानं ते त्याच्या खांद्यावरून वाचलं.

"अन् परत यायला?"

"त्याला तर मुळीच नाही," अभिराम म्हणाला, आणि सही करायला त्याला डावा हात वापरावा लागला, कारण उजवा तिनं धरून ठेवला होता.