सातची खाच

दुकानात त्याला सगळे 'सावकाश' म्हणायचे. लोक संगणक जास्त वेगाने पळवायला त्याच्याकडे आणायचे आणि प्रत्येकाला तो पहिला शब्द हाच ऐकवायचा. प्रोसेसर ठरल्या वेगाच्या वर चालवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉक करायचा, तर त्याची एक रीत असते. आधी पंखा उतरवून उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसायची, नवी वाटाण्याएवढीच लावायची. मूळ सेटिंग कागदावर उतरवून ठेवायची. मग वेग एक पायरी वाढवायचा आणि दिवसभर चाचणी घ्यायची, म्हणजे ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत अशी लाखो गणितं प्रोसेसरकडून सोडवून घ्यायची. एक जरी उत्तर चुकलं तर एक पायरी मागे. तापमान ऐंशी अंशांवर गेलं तरी एक पायरी मागे. या रीतीने त्याने बारा वर्षांत एकही प्रोसेसर जाळला नव्हता. घाईच्या गिऱ्हाइकांशी हुज्जत घालता घालता दाढी मात्र अर्धी पांढरी झाली होती.

आत्याचा निरोप आला तेव्हा तो स्क्रू-ड्रायव्हरची पेटी घेऊन तिच्याकडे गेला. आत्या वेधशाळेतून निवृत्त झालेली, टेकडीच्या उतारावर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटीच राहायची. एकतीस वर्षं तिने एकाच ताऱ्याचा उजेड मोजला होता. त्याच्याभोवती काहीतरी काळोखं फिरतंय आणि ते आडवं आलं की उजेड किंचित घटतो, आलेखात बारीकशी खाच पडते, असा तिचा संशय होता. तिच्याबरोबरचे लोक तो हसण्यावारी न्यायचे. आता तिने सगळ्या वह्या संगणकात उतरवल्या होत्या आणि खाचा नेमक्या किती वर्षांनी पडतात ते संगणकाकडून शोधून घ्यायचं होतं. कामाला बासष्ट दिवस लागतील, असं संगणक सांगत होता. डॉक्टरांनी तिच्या हृदयाचे कागद पाहून साठ दिवस सांगितले होते, तेही चाचरत.

"म्हणजे दोनच दिवस कमी पडतायत," आत्या म्हणाली. "तेवढे काढून दे मला. उत्तर बघितल्याशिवाय जायचं म्हणजे जिवावर येतं रे."

आईनंतर त्याला हक्काने रागावणारं हे एकच माणूस उरलं होतं. तो टेबलाखाली शिरला आणि संगणकाच्या डब्याचं झाकण काढू लागला.

संगणक खिडकीखालीच होता. आत्या रोज सकाळी सातला उठून ती खिडकी उघडायची, टेकडीवरचा गार वारा आत यायचा, आणि प्रोसेसरचं तापमान चार अंशांनी उतरायचं. पाऊण तासाने ती झडपा ओढून घ्यायची आणि ते पुन्हा जागेवर यायचं. त्याने लावलेला प्रोग्रॅम दर मिनिटाला वेळ, वेग आणि तापमान अशी एक ओळ लिहायचा, त्यात हे स्पष्ट दिसायचं. पहिल्या तीन पायऱ्या तीन दिवसांत बिनबोभाट पार पडल्या.

चौथ्या दिवशी, चौथ्या पायरीवर, दुपारी तीन चाळीसला त्याने नोंदी उघडल्या, तर शेवटची ओळ तीन बावन्नची होती.

घड्याळ पुढे गेलं असेल, असं त्याला वाटलं. त्याने मनगट पाहिलं, फोन पाहिला, भिंतीवरचं पाहिलं. सगळीकडे तीन चाळीसच. मग ती पुढची बारा मिनिटं त्याने नीट वाचली. तीन सत्तेचाळीसला तापमान एकदम तीन अंशांनी चढत होतं.

तो खुर्चीवर बसून राहिला. तीन सेहेचाळीसला खाली रस्त्यावर डांबराचा रोलर सुरू झाला आणि काळा धूर वर आला. "काय मेला धूर," म्हणत आत्या स्वयंपाकघरातून आली आणि तिने दुपारची उघडलेली खिडकी लावून घेतली. तापमान तीन अंशांनी चढलं.

चाचणीत एकही उत्तर चुकलेलं नव्हतं, आणि त्याला खरी पंचाईत तिथेच वाटली. चुकलं असतं तर एक पायरी मागे यायला त्याच्याकडे कारण तरी होतं. सगळंच बरोबर असेल तर काय करायचं, हे त्याच्या रीतीत कुठेच नव्हतं. पाचव्या पायरीला नोंदी दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यातली ओळ न् ओळ खरी ठरली. त्याला भीती वाटायला हवी होती. पण वाटत होतं ते वेगळंच. लहानपणी आत्याने पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावू दिला होता, तेव्हा जसा श्वास रोखला गेला होता, तसाच आता रोखला जात होता.

सहाव्या पायरीला नोंदी तीन महिन्यांपुढे गेल्या. त्याने त्यांचा आलेख काढला.

"हे काय काढलंस?" आत्या चष्मा पुसत त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"काही नाही. तापमान आहे."

तिने त्याला बाजूला सरकवलं. एकतीस वर्षं असल्या रेघा वाचण्यात गेलेली ती बाई, तिच्यापासून काय लपवणार? रेघ उद्या सकाळी दहाला वर चढत होती, म्हणजे काम सुरू. पुढे कितीतरी दिवस ती तशीच वर राहत होती आणि रोज तिला एक छोटी खाच पडत होती. आत्याने एका खाचेवर बोट ठेवलं.

"सातची. ही मी आहे."

त्याने खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"किती नेमकी आहे बघ रोजची. मला वाटलं नव्हतं मी इतकी वक्तशीर असेन." तिचा आवाज भारावलेला होता. तिचं बोट खाचांवरून पुढे पुढे सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. त्यापुढे खाचा नव्हत्या, नुसती सरळ रेघ होती.

"सोळा तारीख," ती म्हणाली. "आणि काम संपून रेघ खाली कधी येते?"

"एकोणीसला."

"मग अजून वाढव."

"आत्या, पुढे तापमान ऐंशीच्या वर जाईल. आणि चाचणी घेत बसलो तर पायरीमागे एक दिवस जातो."

"चाचणी नको घेऊस."

"उत्तर चुकीचं आलं तर?"

"तर मला कळेल," आत्या म्हणाली. "चांगली ओळख आहे त्या ताऱ्याची नि माझी."

बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याने चाचणी न घेता वेग वाढवला, आणि तोही एकदम दोन पायऱ्या. नवा आलेख काढला. काम आता चौदा तारखेला संपत होतं. शेवटची खाच मात्र होती तिथेच, सोळावर. त्याने दोनदा पाहिलं. मग तो मोरीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिला.

काम सुरू झालं. तापमान चौऱ्याऐंशीवर जाऊन टेकलं आणि आलेखात होतं तसंच तिथे राहिलं. तो दुकानातून रोज यायचा, पंख्याची धूळ फुंकायचा, आत्याची औषधं मोजायचा. खाचांबद्दल दोघं बोलायची नाहीत. एकदा मात्र त्याच्याच्याने राहवलं नाही.

"मी बंदच करतो हे."

"हात लावशील तर बघ," आत्या म्हणाली. "निरीक्षण अर्धवट सोडायचं नसतं."

चौदा तारखेला दुपारी पंख्याचा आवाज एकाएकी खाली आला. पडद्यावर एकच ओळ होती. अकरा वर्षं, दोन महिने, नऊ दिवस.

आत्याने कपाटातून तीन वह्या काढायला लावल्या आणि त्यांतल्या अकरा-अकरा वर्षांच्या अंतराच्या तीन तारखा उघडल्या. तिन्ही पानांवर उजेडाचा आकडा जरासा कमी होता, आणि तिन्हींपुढे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पातळ ढग असावा.'

ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. "तीनदा समोरून गेलं रे माझ्या. तीनदा. आणि मी त्याला ढग म्हणून काढून टाकलं." तिने पानावर तळहात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही. इतकी सुखी आत्या त्याने कधी पाहिली नव्हती.

सोळाला सकाळी तिने खिडकी उघडली. खाच पडली.

सतराला तो पावणेसातलाच आला. दार आत्यानेच उघडलं. वेणी घातलेली, अंगात स्वेटर.

"इतकं काय बघतोयस? आहे मी," ती म्हणाली.

त्याला रडू आलं आणि हसूही आलं. मशीन चुकलं होतं. शेवटी एकदाचं चुकलं होतं.

ती खिडकीपाशी गेली. सात वाजले. तिने कडी काढून दोन्ही झडपा बाहेर ढकलल्या.

खिडकीचा पडदा फुगून आत आला. वह्यांची पानं फडफडली. गारठ्याने त्याच्या मानेवर काटा आला, आणि तो संगणकासमोर बसला.

रेघ सरळ होती.

एक मिनिट गेलं. पाच गेली. पंख्यात वारा शिरताना त्याला ऐकू येत होता.

रेघ सरळच होती.

"पडली का?" आत्याने बाहेर बघतच विचारलं.

"पडेल. वेळ लागतो कधी कधी."

ती वळली. तिने दुरूनच पडदा वाचला, नेहमीसारखा, एका नजरेत. मग तिने आपला हात खिडकीबाहेर धरला, बोटं पसरली, आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली.

"तुला वारा लागतोय ना रे?"

"हो," तो म्हणाला.

"मला नाही लागत. तुझं मशीन चुकलं नाही रे," ती म्हणाली आणि हात आत घेऊन शांतपणे वह्या आवरू लागली.