शाळा सुटेपर्यंत

आमच्या शाळेला घंटा नाही. मुलांच्या हॉस्पिटलमधली शाळा ही. वरच्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला एक वर्ग आणि बाकीची शाळा चाकांवर. पुस्तकांची ट्रॉली ढकलत आम्ही शिक्षक खाटेखाटेला जातो. पुस्तकांना प्लॅस्टिकची कव्हरं, आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना ती स्पिरिटने पुसायची. सलाइन उजव्या हाताला असेल तर त्या दिवशी लेखन नाही, सगळं तोंडी. धडा रंगात आला की कोणीतरी एक्स-रेसाठी चाकांची खुर्ची घेऊन दारात उभं राहतं. उरलेला धडा उद्या. हजेरी घेताना 'गैरहजर' हा शब्द आम्ही वापरत नाही, कारण आमच्याकडे त्याचे बरेच अर्थ होतात.

मी मूळची गणिताची. इथे मुख्याध्यापिका झाले तेव्हा काम सरळ होतं: मूल बरं होऊन स्वतःच्या शाळेत परत जाईल तेव्हा ते वर्गाच्या मागे पडलेलं नसावं. नंतर अधीक्षकांनी मुलांच्या मनाची काळजीही माझ्याकडे सोपवली. "शिकवणं बघताच आहात, मनाचंही तुम्हीच बघा," असं म्हणाले, जणू शेजारच्या कपाटाची किल्ली देत होते. मदतीला एक तरुण समुपदेशक होते. सुई टोचण्याआधी मुलांना शांत करायची एक युक्ती त्यांनी मला शिकवली.

"डोळे मीट. समोर दार आहे. उघड. आत तुझी खोली आहे. काय दिसतंय?"

मूल सांगत राहतं आणि तेवढ्यात सुई जाऊन येते. इतकंच. मी स्वतः ते कधी करून पाहिलं नव्हतं. डोळे मिटल्यावर मला फक्त अंधार दिसतो.

पहिलीतली एक मुलगी होती. सगळे तिला मुंगी म्हणत, कारण ती गोडाच्या वासाने कुठूनही हजर व्हायची. तिची मूत्रपिंडं काम करत नव्हती. एक दिवसाआड ती यंत्राला जोडून पडलेली असायची, आणि खाण्यापिण्यावर एवढी बंधनं की संत्र्याची एक फोडसुद्धा मिळायची नाही. तिच्या खोलीत फरशी हिरवी होती, खिडकी छतापर्यंत उंच होती आणि मधोमध गोल टेबल होतं.

"टेबलावर काय आहे?" मी विचारलं.

"संत्री," डोळे न उघडता ती म्हणाली. "तिथे खाल्ली तर चालतात."

सिस्टर हसल्या. मीही हसले.

दुसऱ्या टोकाच्या इमारतीत, दोन दारांच्या आड काचेची खोली होती. तिथे सहावीतली एक मुलगी होती. तिला दुसऱ्याच्या हाडांतला मगज, म्हणजे बोन मॅरो, दिला होता, आणि नव्या रक्तपेशी वाढेपर्यंत बाहेरचा वारासुद्धा लागू द्यायचा नव्हता. आत जायचं तर गाऊन, टोपी, मास्क. वडील दिवसभर काचेच्या बाहेर बसत. मुलगी प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालायची, म्हणून त्यांनीच तिचं नाव वकील पाडलं होतं. अपूर्णांक शिकवताना तिने मला एकदा विचारलं होतं, "अर्ध्याचं अर्धं करत गेलं तर शेवटी काय उरतं, ते तुम्ही बघितलंय का? नाही ना? मग कशावरून?"

तिनेही डोळे मिटून हिरवी फरशी सांगितली. उंच खिडकी सांगितली. मग नाक मुरडून म्हणाली, "आणि टेबलावर संत्र्याची सालं. कोणीतरी खाऊन तशीच टाकलीत. काही शिस्त आहे की नाही?"

मुंगी आणि वकील एकमेकींना भेटलेल्या नव्हत्या. भेटू शकणारच नव्हत्या.

समुपदेशकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मॅडम, दोघींना विचारणाऱ्या तुम्हीच. नकळत तुमच्याच बोलण्यातून गेलं असणार."

मला ते पटलं. अशा वेळी मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. खात्री करायची म्हणून मी वकिलाला म्हटलं, "पुढच्या वेळी तिथे तुझी एखादी वस्तू ठेव. काय ठेवलीस ते मला सांगायचं नाही."

"का?"

"प्रयोग आहे."

प्रयोग म्हटल्यावर ती तयार झाली.

दुसऱ्या दिवशी मुंगीच्या हाताला सुई लावत असताना मी नेहमीचंच विचारलं. एक शब्द जास्त नाही.

"आज खुर्चीवर टोपी आहे," मुंगी म्हणाली. "लाल. वर गोंडा आहे. मी घालून बघितली तर डोळ्यांवर आली."

मी तशीच जिने उतरून पलीकडच्या इमारतीत गेले. गाऊन-मास्क चढवला. वकिलाला विचारलं. केस गेल्यावर मावशीने विणून दिलेली टोपी, ती म्हणाली. लोकरीची वस्तू आत आणायला परवानगी नव्हती, म्हणून ती घरीच होती.

"कुठल्या रंगाची?"

"लाल. वर गोंडा आहे."

यानंतर मी समुपदेशकांकडे तो विषय काढला नाही. काढून सांगणार काय होते? मुलींचं मात्र छान चाललं होतं. सुईला हात पुढे करताना मुंगी आता रडत नसे. एकदा मी तिला वजाबाकी घातली, तर हातचा घेऊन तिने ती बिनचूक सोडवली. पहिलीला हातचा आम्ही शिकवत नाही.

"कोणी शिकवलं गं?"

"ताईने. ती फार ओरडते, पण शिकवते चांगलं."

पुढच्या आठवड्यात मुंगीला ताप आला. जंतुसंसर्ग रक्तात उतरला होता. भर दुपारी, वॉर्डात जेवणाची ताटं गोळा होत असताना, ती गेली. तिची आई बराच वेळ तिच्या फ्रॉकची बटणं लावत बसली होती. लावायची, काढायची, पुन्हा लावायची. मी शेजारी उभी होते. माझं काम काय होतं कुणास ठाऊक, पण उभी होते.

काचेच्या खोलीतल्या मुलांपर्यंत अशा बातम्या जाऊ द्यायच्या नाहीत, असा आमचा नियम. वकिलाला सांगण्यासारखं तर काही नव्हतंच. कागदोपत्री ती मुंगीला ओळखतच नव्हती.

दोन-तीन दिवसांनी मी तिच्याकडे गेले. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "बाई, मुंगी हल्ली घरी जात नाही."

मी पुस्तक उघडलं. "म्हणजे?"

"आधी यायची, खेळायची, जायची. आता मी कधीही गेले तरी तिथेच असते. दाराकडे जातच नाही. आणि मी निघाले की रडते. एकटीला भीती वाटते तिला."

मी त्या दिवशी भूगोल शिकवला. खोलीचा खेळ आपण बंद करतोय, असंही सांगून टाकलं.

"पण मला आता तुम्ही लागतच नाही," वकील म्हणाली.

ती झोपू लागली. आधी दुपारी, मग सकाळीही. हुज्जत बंद झाली. जेवणाचं ताट जसंच्या तसं परत जायचं. डॉक्टर बुचकळ्यात पडले, कारण रिपोर्ट चांगले येत होते. पांढऱ्या पेशी वाढत होत्या, ताप नव्हता, मेंदूचा स्कॅन स्वच्छ होता. वडील काचेला तळहात लावून उभे असत. सिस्टर त्यांना खुर्ची द्यायच्या, ते बसायचे आणि पुन्हा उठायचे.

एके दिवशी सकाळी ती उठलीच नाही. चिमटा काढला तर पापणी हलायची, तेवढंच.

वडिलांनी मला गाठलं. "बाई, ती तुमचं ऐकते. एकदा बोलून बघा. काहीही बोला."

मी आत गेले. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राची घरघर सोडली तर आवाज नव्हता. मास्कमध्ये माझाच श्वास माझ्या तोंडावर येत होता. मी तिला हाका मारल्या. सातचा पाढा म्हणताना मुद्दाम चुकले. तिने चूक काढली नाही.

मग मी तिचा हात हातात घेतला आणि डोळे मिटले. समोर दार आहे, असं स्वतःला सांगितलं.

दार होतं.

हिरवी फरशी. थंड, कारण माझ्या पायात चपला नव्हत्या. उंच खिडकीतून पांढरा उजेड येत होता आणि बाहेर काहीच नव्हतं. झाड नाही, आकाश नाही. संत्र्याचा वास एवढा दाट होता की तोंडाला पाणी सुटलं.

दोघी भिंतीला टेकून बसल्या होत्या. लाल टोपी मुंगीच्या डोक्यावर होती. तिच्या फ्रॉकची सगळी बटणं नीट लावलेली होती.

"चल," मी वकिलाला म्हटलं. "बाबा उभे आहेत."

"मी आले तर ही एकटी पडेल."

"तिला इथे काही होणार नाही."

"कशावरून?"

मुंगी माझ्याकडे बघत होती.

मग मी ते वाक्य बोलले. रडणारं मूल वेळेपुरतं शांत करायला प्रत्येक शिक्षक बोलतो, तसलंच.

"तू जा. मी बसते हिच्याजवळ."

"कधीपर्यंत?"

"शाळा सुटेपर्यंत."

वकिलाने माझ्याकडे नीट पाहिलं. मग ती उठली, दाराकडे गेली आणि मी डोळे उघडले.

खाटेवर ती जागी होती. ओठ कोरडे पडले होते. "पाणी," ती म्हणाली. काचेपलीकडे तिचे वडील मटकन खाली बसले. मला फक्त त्यांचे केस दिसत होते.

डॉक्टरांनी त्याला काहीतरी नाव दिलं. मी ते ऐकून घेतलं.

वकील झपाट्याने सुधारली. घरी जायच्या दिवशी ती वडिलांचा हात धरून लिफ्टची वाट बघत होती. डोक्यावर काळे, बारीक कोंब दिसू लागले होते. मी निरोप द्यायला गेले, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. रागाने नव्हे, गोंधळून.

"तुम्ही इकडे कशा?" तिने विचारलं.

"अगं, बाईंना नमस्कार कर," वडील म्हणाले. लिफ्ट आली.

ती युक्ती मी सगळीकडून काढून टाकली. समुपदेशकांनी कारण विचारलं, तेव्हा मुलं दमतात असं सांगितलं. आता सुई टोचताना आम्ही गोष्ट सांगतो किंवा कोडी घालतो. काम तितकंच चांगलं होतं. माझी झोप व्यवस्थित आहे, भूक व्यवस्थित आहे. क्वचित शिकवता शिकवता हाताला संत्र्याचा वास येतो, पण वॉर्डात फळं असतातच.

परवा एक मुलगा दाखल झाला. झाडावरून पडून मांडी मोडली होती, ऑपरेशन करून सळई घातली. चौथीतला, गालाला खळी, बोलायला चुरचुरीत. दुसऱ्या दिवशी मी ट्रॉली घेऊन त्याच्याकडे गेले, तर ओळख करून द्यायच्या आतच म्हणाला, "बाई, तुम्ही केसांना रंग लावता ना?"

शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई हसली.

"नाही रे," मी म्हटलं. "अजून काळेच आहेत. का?"

"मग भूल दिल्यावर मी जिथे गेलो होतो, तिथे पांढरे कसे होते? सगळेच्या सगळे?"

मी पुस्तक पुसत होते. पुसत राहिले.

"तुम्ही एका मुलीला शिकवत होतात," तो म्हणाला. "मान अशी हलत होती तुमची, आमच्या पणजीसारखी."

"आणि ती मुलगी?" मी विचारलं. "ती केवढी होती?"

त्याने हात खाटेच्या कडेपाशी धरला, पहिलीतलं मूल जेवढं असतं तेवढ्या उंचीवर.